माझी बेरीज कुणी केलीच नाही

मित्रांनो, मी चार पानांची एक जुनी प्रश्नावली आहे. लगेच तोंड वाकडं करू नका! तुमची परीक्षेतली प्रश्नपत्रिका वेगळी आणि मी वेगळी. माझ्यात कुणी नापास होत नाही. मी लहान मुलांच्या आईबाबांसाठी आहे. दोन वर्षांचं मूल घरी काय काय करतं, एवढंच मी त्यांना विचारते. चेंडूला लाथ मारतं का? ठोकळ्यावर ठोकळा रचतं का? दोन शब्द जोडून बोलतं का? असे तीस प्रश्न माझ्या अंगावर छापलेले आहेत, आणि प्रत्येकापुढे तीन चौकटी आहेत: 'हो', 'कधी कधी' आणि 'अजून नाही'.

या 'अजून नाही'ची एक गंमत आहे. मला तयार करणारी जाणती मंडळी म्हणे या दोन शब्दांवर तीन दिवस भांडली. एकाचं म्हणणं, नुसतं 'नाही' लिहा, जागा वाचेल. तेव्हा त्यांच्यातल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "नुसतं 'नाही' वाचून आईचं काळीज बसेल. 'अजून' लिहा. त्यात उद्याची वाट असते." तो शब्द राहिला. मला त्याचा फार अभिमान आहे.

आईबाबांनी खुणा केल्या की तपासणाऱ्या माणसानं माझी बेरीज करायची. 'हो'ला दहा गुण, 'कधी कधी'ला पाच, 'अजून नाही'ला शून्य. शेवटच्या पानावर त्यासाठी पाच रिकाम्या चौकटी आहेत: बोलणं, चालणं-धावणं, बोटांची कामं, डोकं चालवणं आणि माणसांत मिसळणं. बेरीज ठरलेल्या रेषेच्या खाली आली, तर त्या मुलाला तज्ज्ञांकडे पाठवायचं. मूल आजारी आहे असं मी म्हणत नाही. तेवढी माझी अक्कल नाही. 'इकडे जरा नीट बघा,' एवढंच मी सांगते. या बेरजेला फार तर दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं लक्षात ठेवा, कारण माझं सगळं भांडण त्यांच्यापायीच आहे.

माझा जन्म एका छपाईच्या दुकानात झाला. यंत्रातून बाहेर पडले तेव्हा मी भाकरीसारखी गरम होते. छपाईवाले काका चष्मा कपाळावर चढवून आमच्या गठ्ठ्यावर हात फिरवत कामगारांना म्हणाले, "पानं वरखाली करू नका रे. लेकरांचं काम आहे." त्या माणसाचा आणि मुलांचा काही संबंध नव्हता, तरी त्याला ते कळत होतं. पुढे ज्यांचा संबंध होता, त्यांच्याकडे मी गेले.

ते होतं बालतपासणी केंद्र. भिंतीवर उंची मोजायची पट्टी, कोपऱ्यात वजनकाटा, बाकावर रडणारी मुलं आणि त्यांना खेळवून दमलेल्या आया. काउंटरवर एकच सिस्टर. आम्हाला त्या टोकनासारखं वाटत. "घरून भरून आणा. पुढच्या लशीच्या वेळी द्या. चला, पुढे कोण?"

मी ज्या बाईच्या हातात पडले, ती शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तिची मुलगी गोल चेहऱ्याची, गोल डोळ्यांची, म्हणून घरात तिला सगळे बटण म्हणत. बटण नुकती दोन वर्षांची झाली होती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी बटणच्या आईनं मला जमिनीवर पसरलं आणि ती खरोखर एकेक प्रश्न करून बघायला लागली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! ठोकळे नव्हते, तर तिनं दोऱ्याची रिळं दिली. बटणनं एकावर एक सहा रिळं रचली आणि सातवं ठेवताना सगळी पाडून खदखदून हसली. चेंडूला लाथ? कपाटापर्यंत! आईची पेन्सिल 'हो'च्या चौकटीत नाचत होती.

मग बोलण्याचं पान आलं. तिथे एक प्रश्न असा आहे: 'हातवारे न करता बाळाला सांगा, चेंडू खुर्चीवर ठेव. बाळ तसं करतं का?'

आईनं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाली, "बटण, चेंडू खुर्चीवर ठेव."

बटण तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग ती उठली, आईला वळसा घालून मागे गेली आणि तिचे बांधलेले हात शोधून काढले. हात काय सांगतात, ते बघायला! हात काहीच सांगत नव्हते. तिनं ते उघडून पाहिले, पुन्हा समोर आली आणि आईच्या गुडघ्यांना मिठी मारली.

पेन्सिल थांबली. बटण पुन्हा रिळांकडे गेल्यावर आईनं पाठमोऱ्या बटणला दोनदा हाक मारली. बटण रिळांशी खेळत राहिली.

"अहो, इकडे या जरा," तिनं नवऱ्याला बोलावलं. "ही वळतच नाही."

"खेळात गुंगलीय," बटणचे बाबा म्हणाले. ते काचा कापायच्या कामाला होते आणि घरी आले की त्यांना शांतता हवी असायची. "तू उगाच फाटे फोडत बसतेस."

तेवढ्यात स्वयंपाकघरात मोठ्या जाऊबाईंच्या हातून पातेल्यावरचं झाकण पडलं. बटण दचकली. जाऊबाई दारात येऊन म्हणाल्या, "बघ! ऐकू येतंय की नाही? आमचा मोठा अडीच वर्षांचा होईस्तोवर मुका होता. आता गप्प बस म्हटलं तरी बसत नाही. कागदाला काय कळतं गं पोरांतलं?"

कागदाला काही कळत नाही, हे खरं. पण आईला कळलं होतं. तिनं कुणाशी वाद घातला नाही. बोलण्याच्या पानावर तिनं तीन ठिकाणी 'अजून नाही' आणि दोन ठिकाणी 'कधी कधी' केलं. 'हो' फक्त एक आलं. शेवटी मी विचारते, 'तुम्हाला मुलाबद्दल कसली काळजी वाटते का?' तिथे तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मागून हाक मारली की वळत नाही. तोंडासमोर आलं की हसते. मोठा आवाज झाला की दचकते. हे बरोबर आहे का?'

मित्रांनो, इतका नेमका प्रश्न मोठमोठ्या पदव्या घेतलेल्यांनाही सुचला नसता. मी त्या दिवशी तिच्या पिशवीत बसून केंद्रात निघाले ती ताठ मानेनं.

डॉक्टरांनी बटणचं वजन केलं, घसा पाहिला. "छान आहे. गुटगुटीत आहे."

"डॉक्टर, तो कागद भरलाय. त्यात मी लिहिलंय की ही..."

"सिस्टरकडे द्या."

"पण ही बोलत नाही अजून."

"बोलेल हो. प्रत्येक मूल आपल्या वेळेनं बोलतं. पुढचे!"

सिस्टरनं मला घेतलं, माझ्या कपाळावर 'आवक'चा शिक्का मारला, तारीख टाकली, वहीत एक बरोबरची खूण केली आणि मला खोक्यात टाकलं. माझं पान उलटलं नाही. त्या पाच चौकटी रिकाम्याच राहिल्या.

खोक्यातून मी लोखंडी कपाटात गेले. तिथे माझ्यासारख्याच शेकडो होत्या. कुणावर वडिलांचं घाईचं अक्षर, कुणावर आईच्या ओल्या बोटाचा डाग. वाचलेली एकही नव्हती. मग मला विचारायला लावलंत कशाला? ज्या बाईनं आपल्या सुट्टीची दुपार दिली, घरच्यांचं ऐकून घेतलं, तिच्या तीन ओळी वाचायला तुमच्याकडे वेळ नव्हता?

वर्ष संपलं तेव्हा तर कळस झाला. कपाट उघडून आम्हाला बाहेर काढलं, धूळ झटकली आणि टेबलावर रचलं. मला वाटलं, आता तरी! पण ते फोटोसाठी होतं. वरच्या ऑफिसातले साहेब आले, टाळ्या झाल्या, केंद्राला प्रशस्तिपत्र मिळालं. का, तर या केंद्रानं शंभर टक्के प्रश्नावल्या भरून घेतल्या! त्यात बेरीज किती जणींची झाली, हे साहेबांनी विचारलं नाही आणि कुणी आपणहून सांगितलं नाही. फोटोत मी सगळ्यात वर आहे. असलं कौतुक माझ्या वैऱ्यालाही मिळू नये.

मला जमा करून एकोणीस महिने झाले होते, तेव्हा एका सकाळी कपाटाबाहेर ओळखीचा आवाज आला. केंद्रात आता आठवड्यातून एकदा एक नवीन बाई यायला लागल्या होत्या, मुलांना बोलायला शिकवणाऱ्या. सगळे त्यांना बोलक्या ताई म्हणत. बटणची आई त्यांना सांगत होती.

"बालवाडीच्या बाईंनी पाठवलंय. म्हणतात, मुलगी हट्टी आहे, सांगितलेलं ऐकत नाही. रोज तोंड भिंतीकडे करून उभी करतात तिला. मला म्हणाल्या, घरी वळण लावा."

मित्रांनो, ऐकलंत? सांगितलेलं ऐकत नाही म्हणून शिक्षा! आणि तीही तोंड भिंतीकडे करून. ज्या चेहऱ्यांवरून ती पोर सगळं समजून घ्यायची, तेच तिच्यापासून काढून घेतले.

बोलक्या ताईंनी विचारलं, "दोन वर्षांची असताना प्रश्नावली भरली होती का तुम्ही?"

"भरली होती ना. इथंच दिली."

सिस्टर कुरकुरल्या, "आता जुनं कुठे शोधत बसू?" पण ताई स्वतःच कपाटापाशी आल्या आणि खाली मांडी घालून बसल्या. अर्ध्या तासानं मी त्यांच्या हातात होते.

त्यांनी तिथेच पेन उघडलं. बोलण्याच्या चौकटीत आकडा लिहिला: साठपैकी वीस. रेषा तिसावर होती. मग त्यांनी आईच्या तीन ओळी दोनदा वाचल्या.

आईनं मला त्यांच्या हातातून घेतलं. तिनं शिक्का पाहिला, तारीख पाहिली, आपलं अक्षर पाहिलं.

"मी लिहिलं होतं," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "मी तेव्हाच लिहिलं होतं! घरात सगळे मला वेडी म्हणाले. सिस्टर, तुम्हीसुद्धा काही बोलला नाहीत, म्हणून मलाही वाटलं आपलंच चुकतंय. तिच्यावर ओरडले मी. हात उचलला एकदा. आणि हा कागद इथं पडून होता?"

सिस्टरचे डोळे खाली गेले. त्या पुटपुटल्या, "दिवसाला ऐंशी मुलं असतात, बाई. मी एकटी. वरून मला फक्त किती जमा झाल्या तेवढं विचारतात."

त्या खोटं बोलत नव्हत्या. म्हणून तर माझा राग एकट्या सिस्टरवर नाही. ज्यांनी फक्त किती जमा झाल्या एवढंच विचारलं, त्यांच्यावर तो जास्त आहे.

बटणचे कान तपासले. दोन्ही कानांनी तिला फारच कमी ऐकू येत होतं. झाकण पडलं की कळायचं, हाक मारली की नाही. तिला कानांत घालायची यंत्रं मिळाली. पुढच्या वेळी ती केंद्रात आली, तेव्हा मी तिच्या फाईलमध्ये पहिलीच होते. ताईंनी माझं पान उलटलं. जाड कागदाचा खर्रकन आवाज झाला आणि पाठमोरी बसलेली बटण गर्रकन वळली. तिनं मला हातात घेतलं आणि तेच पान पुढे-मागे, पुढे-मागे करत बसली. बाबा शेजारीच होते. त्यांनी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

आता सगळं गोड झालं असं समजू नका. बटण पाच वर्षांची झाली, तरी तिचं बोलणं सोबतच्या मुलांच्या मागे आहे. ती रोज मेहनत करते, आई करते, आणि हो, जाऊबाईसुद्धा तिच्यासमोर बसून सावकाश बोलतात. पण शब्द शिकायच्या ऐन दिवसांतले एकोणीस महिने कपाटात गेले. ते कुठल्याही यंत्रानं परत येत नाहीत.

बटणची आई मात्र तेवढ्यावर थांबली नाही. पुढच्या लशीच्या दिवशी तिनं कारखान्यात रजा टाकली आणि ती काउंटरपाशी उभी राहिली. जी आई प्रश्नावली द्यायला येई तिला ती सांगे, "बेरीज समोर करून घ्या. केल्याशिवाय हलू नका." सिस्टर आधी चिडल्या, मग त्यांनीच खुर्ची पुढे ओढली आणि बेरजा करायला लागल्या. त्या महिन्यात आई, सिस्टर आणि बोलक्या ताई अशा तिघींनी मिळून कपाटातल्या चारशे बारा जणींची बेरीज केली. सदतीस मुलं रेषेखाली निघाली. सदतीस! आणि आमच्या नावानं टाळ्या वाजल्या होत्या.

सिस्टर आता रोज दुपारी फोन घेऊन बसतात. अठ्ठावीस घरं सापडली, ती मुलं तपासणीला आली. त्यांतली बरीचशी ठणठणीत होती, थोड्यांना मदत लागली.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी शिक्षक, कुणी वरच्या ऑफिसातला साहेब. तुम्ही लोकांना प्रश्न विचाराल, कागद भरून घ्याल. माझं एवढंच मागणं आहे, आणि ते मी हात जोडून नाही, रागावून मागते आहे: विचारलंत तर उत्तर वाचा. वाचायचं नसेल तर विचारू नका. उत्तर दिलं की माणूस वाट बघतो.

नऊ घरांचे फोन अजून लागलेले नाहीत.