बाई खाली गेल्या होत्या

विद्यापीठाच्या व्यवस्थापन मंडळावर वनस्पतिशास्त्राच्या बाई नव्यानेच आल्या होत्या. मंडळात त्या एकट्याच बाईमाणूस. बाकी सगळे साठीच्या आसपासचे पुरुष. वर्गावर शिकवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका, त्याही बहुतेक कंत्राटी. टेबलाभोवती मात्र बाई सोडल्या तर त्यांचं कुणी नव्हतं.

कंत्राटी प्राध्यापिकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी, हा विषय बाईंनीच लावून धरला होता. त्या दिवशी तो बैठकीत होता खरा, पण आधीच्या विषयांचं चऱ्हाट काही संपेना. शेवटी बाईंना मध्येच उठावं लागलं. त्या मजल्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात मोडक्या खुर्च्या कोंबून कुलूप घातलेलं. म्हणून त्या थेट तळमजल्यावर गेल्या.

धापा टाकत परत आल्या, तर छताच्या गळतीवर चर्चा रंगलेली.

"रजेचा विषय?"

"झाला की," कुलगुरू म्हणाले. "एकमताने नामंजूर. तुम्ही खाली गेला होतात."

"मी येईपर्यंत थांबता आलं नाही?"

"सगळ्यांना कामं असतात, ताई. इतकं मनाला लावून घेऊ नका."

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाहेर आल्या, शिपायाकडून स्वच्छतागृहाची किल्ली घेतली आणि एकेक मोडकी खुर्ची ओढून बैठकीच्या दारात टाकायला लागल्या. धडाधड आवाज ऐकून शेजारच्या खोलीतल्या कंत्राटी प्राध्यापिका धावत आल्या. त्यांच्यात एक पोटुशी होती.

"हा काय तमाशा?" कुलगुरू दारात आले.

"बायकांना जागा करतेय. तुमचं चालू द्या. फक्त तो विषय पुन्हा घ्या, दार उघडं ठेवून. आणि ज्याला नको असेल त्याने यांच्यासमोर हात वर करावा."

बाहेर गर्दी वाढत होती. कुलगुरूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मुकाट्याने आत जाऊन विषय पुन्हा घेतला.

हात वर झाले. काही चटकन, काही खाली मान घालून. एकाने तर केला न केल्यासारखा, कानाजवळ. पण बहुमत झालंच. बाई हरल्या. "माझा विरोध नावानिशी लिहा," त्या कुलसचिवांना म्हणाल्या, आणि ते लिहून होईपर्यंत त्यांच्या डोक्यावर उभ्या राहिल्या.

दाराशी पोटुशीने विचारलं, "मग आता, मॅडम?"

"आता तुम्ही सगळ्याजणी मंडळाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क मागा. मी आतून भांडते."

 बाई आत गेल्या, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "हं, गळतीचं काय म्हणत होतात?"