विळीवर चिरलेलं पथ्य

मी विळी बोलतेय. मरोळच्या एका चाळीत, नंदाच्या ओट्याखाली मी आडवी पडलेली असते. पात्याला धार अजून बरी आहे, खवणीचे दोन दात मात्र गेलेत. गोड बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. गुणाजीच्या पायाला पहिली जखम झाली ती माझ्यामुळे.

माझा जन्म कुडाळजवळच्या एका गावातला. पातं लोहाराने ठोकलं, पाट सुताराने फणसाच्या लाकडाचा केला. जानकीच्या लग्नात तिच्या आईने मला भांड्यांबरोबर दिलं आणि मी तिच्यासोबत मुंबईला आले. तिचा नवरा गुणाजी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस मशीनवर कामाला होता. त्यांना मूलबाळ झालं नाही. दोघं एकमेकांना धरून राहिली.

जानकी पाटावर पाय रोवून बसली की मला अंगात बळ आल्यासारखं वाटायचं. नारळ खवायचे, बांगडे साफ करायचे, सुरण चिरायचा. गुणाजी भाताचा माणूस. ताटात भाताचा ढीग आणि त्यावर माशाची कढी, एवढं असलं की बाकीच्या जगाशी त्याला देणंघेणं नसे. चपातीला तो कागद म्हणायचा.

काम झालं की विळी आडवी करून ठेवायची, हा जानकीच्या आईने घालून दिलेला दंडक. जानकीने तो वीस वर्षांत एकदाच मोडला. पंच्याऐंशी सालच्या एका सोमवारी सकाळी नळाचं पाणी जायला आलं म्हणून ती मला उभीच सोडून धावली. तेवढ्यात गुणाजी माठाकडे आला आणि त्याच्या पायाचा अंगठा माझ्या पात्यावर पडला. मी खोल गेले. तो पाणी प्यायला, शर्ट चढवला, डबा घेतला आणि दाराकडे निघाला. हंडा घेऊन परतलेल्या जानकीला लादीवर लाल पावलं दिसली. तिने ओरडून पाय बघायला सांगितलं, तेव्हा कुठे त्याने खाली पाहिलं. त्याला काही कळलंच नव्हतं.

मी आयुष्यभर कापत आलेय. पण कापल्यावर न दचकणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि मला भीती वाटली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं; घराबाहेरचं मला जानकीच्या बोलण्यातूनच कळायचं. साखर भरमसाट वाढली होती, पाय बधिर झाला होता. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि भात, चपाती, पाव, साखर सगळं बंद करायला सांगितलं. बाहेर रांग होती. त्यांनी आणखी काही सांगितलं नाही आणि जानकीने विचारलंही नाही.

तिला विचारायची गरजच वाटली नाही. लहानपणापासून तिने सोमवार केले, एकादश्या केल्या, श्रावण पाळले. धान्य बंद म्हणजे काय, हे तिला कोण शिकवणार? घरी येऊन ती म्हणाली, "घाबरू नका हो. रोजचो उपास समजायचो."

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर बटाटे आले. रताळी आली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी उकडलेलं रताळं, गोड खावंसं वाटलं तर खजूर. जानकी हे सगळं देवाचं केल्यासारखं करायची. गुणाजीही खूश होता. एवढं खमंग पथ्य कुणाला नको असतं? सणासुदीलासुद्धा त्याने भाताचं शीत तोंडात घातलं नाही. कधीकधी मात्र फार आठवण आली की म्हणायचा, "जरासो तरी भात वाढ गो." मग जानकी डोळे पुसत नाही म्हणायची.

शेजारची नंदा एके दिवशी वाटीभर दही मागायला आली आणि खिचडीची कढई बघून दारातच थबकली. नंदाचं घर बौद्ध. तिच्याकडे उपास नव्हते, त्यामुळे साबुदाणा तिला साबुदाणाच दिसायचा. ती म्हणाली, "वहिनी, राग नका मानू. पण हे तर नुसतं पीठच ना? भावजींना चालतं का, एकदा डॉक्टरला विचारा."

जानकी माझ्यावर बटाटा चिरत होती. तिने वर न बघताच उत्तर दिलं, "तुमच्यात उपास नसतत. तुका काय कळतला त्यातला?"

नंदा दही न घेताच गेली. त्यानंतर कित्येक महिने ती आमच्या उंबऱ्यावर टेकली नाही. माझा स्वभाव तिखट, पण तेवढं धारदार मीसुद्धा कुणाला लागले नव्हते. जानकीचा मला राग आला. आजही येतो.

जखम भरेना. अंगठा निळा पडला, मग काळा. पुढच्या वर्षी शिमग्याच्या सुमारास सरकारी रुग्णालयात तो कापावा लागला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जानकीला विचारलं, पथ्य पाळलं का? जानकीने मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. खिचडी, वरी, बटाटा, रताळं, खजूर. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तिला एकेका पदार्थाचं रक्तात काय होतं ते समजावलं.

त्या दुपारी जानकी घरी आली ती आधी नंदाच्या दाराशी गेली. भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू आलं.

"तू म्हणालेलंस, नंदा. मीच ऐकूक नाय. माझ्या हातान भरवलंय मी त्येंका."

नंदा म्हणाली, "आधी आत या, वहिनी. चहा ठेवते."

नंदाचा नवरा भीमराज विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात, सामानाच्या कोठारात कामाला होता. तिथे कधीकधी फार पिकलेली, डागाळलेली फळं बाजूला काढत. साहेबाला विचारून तो चैत्राच्या शेवटी दोन फळं घेऊन आला. हिरवी, खरबरीत, आकाराने मोठ्या पेरूएवढी. हॉटेलात त्याला बटर फ्रूट म्हणत, आता लोक अ‍ॅव्होकॅडो म्हणतात. तिथला आचारी म्हणाला होता, साखरेच्या आजाराचे पाहुणे हे आवडीने खातात. जानकी या वेळी शहाणी झाली होती. फळ पदरात बांधून ती आधी डॉक्टरीणबाईंकडे गेली, आणि खाऊ द्या म्हटल्यावरच तिने ते माझ्यासमोर ठेवलं.

मला त्याचं अप्रूप वाटलं. पातं लोण्यात जावं तसं आत गेलं आणि मधल्या मोठ्या बीवर अडलं. पहिल्यांदा तिने त्याची फोडणी देऊन भाजी केली. ती कडू झाली. दुसऱ्यांदा नुसत्या फोडी दिल्या. गुणाजीने एक चघळली आणि तोंड वाकडं केलं. "ह्यां काय गो? साबण खातंय असां वाटतां."

जानकी इरेला पेटली. वर्सोव्याचा सुका जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, तिने तव्यावर भाजला, कांदा आणि हिरवी मिरची माझ्यावर बारीक चिरली, लिंबू पिळलं आणि त्यात फळाचा गर हाताने कुस्करला. साल वाटीसारखी राहिली होती, त्यातच ते भरून दिलं. गुणाजीने एक घास घेतला. मग दुसरा. मग साल खरवडून पुसून काढली. कितीतरी दिवसांनी तो जेवताना खुशीने मान डोलवत होता.

तो उन्हाळा आणि पावसाळा आमच्या घराचा शेवटचा बरा काळ. भीमराज आठवड्याला एकदोन फळं आणायचा; गुणाजी त्यांना लोणीच म्हणायचा. जानकी आणि नंदा माझ्याभोवती बसून नवनवीन शोधायच्या. कोकमाच्या आगळात गर घोटून लसूण-मिरचीची कढी. तळलेल्या बांगड्याबरोबर आलं-कोथिंबिरीची घट्ट चटणी. उकडलेल्या अंड्याच्या पोटात भरून वर तिखट. नंदा त्यात भाजलेल्या लाल मिरचीचा ठेचा घालायची, तेव्हा गुणाजी नाक पुसत हसायचा. रक्तातली साखर उतरली. भात हा शब्द त्याच्या तोंडून येईनासा झाला.

पण पाय आतून गेलेला होता. दसऱ्यानंतर काळेपणा घोट्याच्या वर चढला. गुडघ्याखाली पाय कापायचं ठरलं. हॉटेलात तेव्हा फळं येत नव्हती. रुग्णालयात जानकीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवत विचारलं, काय खावंसं वाटतं? डॉक्टरीणबाईंना विचारून दोन घास भात आणते. तो म्हणाला, "भात नको गो. तां लोणी घेवन ये, जवळो घातलेलां."

भीमराजने सगळीकडे विचारून एक फळ मिळवलं. दगडासारखं कडक होतं. जानकीने माळ्यावरचा तांदळाचा डबा काढला आणि गावाकडे आंबे पिकायला घालतात तसं ते तांदळात खोल पुरलं. चार-पाच दिवसांत पिकेल, असा तिचा हिशेब होता.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गुणाजी गेला.

बाराव्याला त्याच्या नावाचं पान वाढायचं होतं. जानकीने भातासाठी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि हाताला लागलेलं ते फळ बाहेर काढलं. ते मऊ पडलं होतं, एका अंगाने काळं झालं होतं. ती माझ्या पाटावर पाय रोवून बसली. काळं तेवढं तिने कापून टाकलं, उरलं ते जपून सोडवलं. जवळा भाजला. दीड वर्ष नाकारलेला भात पानावर ढीगभर वाढला आणि शेजारी ते मूठभर लोणी ठेवलं. रडली नाही. पान बाहेर ठेवून आली आणि मला आडवी करून ठेवलं.

पुढच्या सोमवारी तिने उपास केला नाही. महिन्याभरात ती गावी गेली. जाताना मला नंदाच्या हातात देऊन म्हणाली, "ही तुझ्याकडेच बरी. तू विचारून चिरतस."

तेव्हापासून मी इथे आहे. तुमच्या घरात कुणाला पथ्य सांगितलं असेल, तर माझ्यावर पहिला बटाटा ठेवण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा. शेजारीण काही सांगायला आली, तर हातातलं काम थांबवून तिचं ऐका. मला काय, समोर येईल ते मी कापते. आणि काम झालं की मला आडवी करा.