धरलेली खुर्ची

ताईने तिसऱ्या खुर्चीवरही टॉवेल पसरला, वर आईचा चष्म्याचा डबा ठेवला आणि किल्ला सर केल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. खुर्च्या पोहण्याच्या तलावाच्या अगदी कडेच्या होत्या. त्यांच्यासाठी ती आंघोळीआधीच बोटीच्या डेकवर आली होती आणि एका टकल्या गृहस्थाशी निव्वळ हातवाऱ्यांनी भांडली होती. त्याची भाषा तिला येत नव्हती, तिची त्याला येत नव्हती, पण भांडण दोघांनाही नीट समजलं होतं.

तेवढ्यात छोटी आली. छोटी म्हणजे धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली तरी घरात तिचं नाव छोटीच राहिलं होतं. तिचा दंड धरून आई सावकाश चालत होती.

"ताई, इथे नको गं," छोटी म्हणाली. "सगळे नाश्ता करून वर आले की इथे पाय ठेवायला जागा उरणार नाही."

"म्हणून तर धरून ठेवल्यात."

"खुर्ची धरशील, पण आवाज कसा अडवशील? ते मोठमोठ्याने गाणी लावतात. चल आई, मी एक मस्त जागा बघून ठेवलीय."

आई ताईकडे बघून हसली, "तूही चल की," म्हणाली आणि छोटीबरोबर निघालीसुद्धा. टॉवेलांच्या घड्या ताईलाच कराव्या लागल्या. टकले गृहस्थ कोपऱ्यातून बघत होतेच. तिची पाठ वळण्याआधी ते मधल्या खुर्चीत आडवे झाले.

बोट कसली, तरंगतं गावच होतं ते. लिफ्टला रांग, चहाला रांग, कठड्याशी फोटो काढायला रांग, आणि कुठली रांग कशाची हे विचारायला खिडकीपाशी आणखी एक रांग. पण छोटीला यातली एकही रांग लागायची नाही. तिचं कामच गर्दीचं होतं. स्टेशनं, प्रदर्शनं, मोठी दुकानं बांधणारे लोक तिला नकाशे दाखवायचे आणि ती बोट ठेवून सांगायची, इथे दार नको, इथे माणसं तुंबतील. बोटीवर पाऊल ठेवल्यापासून ती आईला असेच धडे देत होती. पुढच्या लिफ्टला झुंबड असते, मागची रिकामी धावते. बुफेत शिरलं की माणूस पहिल्याच टेबलाशी थबकतो. तेच पदार्थ पार टोकाला मांडलेले असतात आणि तिथे चिटपाखरू नसतं. नाश्त्याला तर वर जायचंच नाही, खालच्या हॉलमध्ये टेबलावर आणून देतात. नाचगाण्याच्या पहिल्या खेळाला सगळे गेले की आपण जेवून घ्यायचं आणि दुसरा खेळ बघायचा. बंदर आलं की सगळे उतरतात, आपण उतरायचं नाही. मग बोट आपलीच.

"बघ गं ताई, कुण्णी नाही इथे!" आई दर वेळी म्हणायची, आणि दर वेळी ताईच्या पोटात दुखायचं.

तिला हेवा वाटत होता. यासाठी दुसरा सभ्य शब्द शोधत बसण्यात अर्थ नव्हता. वडील गेल्यापासून आई ताईकडे होती. तिचं पथ्य, तिच्या गुडघ्यांचा शेक, तिची रात्रीची उठबस, सगळं ताईने केलं. ताईच्या घरात तळमजल्यावर तिचं पाळणाघर होतं. एक पोर झोपलं की दुसरं रडायला लागे, आणि दुसऱ्याच्या रडण्याने पहिलं उठे. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून ताई जिन्याने वर धावत जाऊन आईच्या खोलीचं दार ओढून घ्यायची आणि दाराखालच्या फटीत जुनी चादर सारायची. छोटी वर्षातून एकदा यायची, आईसाठी एक स्वेटर आणायची, आणि तो स्वेटर आई वर्षभर आल्यागेल्याला दाखवायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

तेही ताईने गिळलं असतं. पण बोट सुटली त्याच संध्याकाळी छोटीने जेवताना विषय काढला.

"आई, आता माझ्याकडे ये राहायला. दोन खोल्या नुसत्या पडून आहेत. आणि इतकं शांत आहे ना, घड्याळाची टिकटिक ऐकू येते."

आई पावाचा तुकडा मोडत राहिली. ताईकडे तिने पाहिलं नाही.

"परत पोचेपर्यंत सांगते," ती म्हणाली.

खरं तर महिन्यातून एकदा तरी ताई नवऱ्यापाशी कुरकुरायची की छोटीचीही आई आहे ना, नेऊ दे की चार महिने. आता ती न्यायला आली होती, तर ताई सूप नुसतंच ढवळत बसली. घरात असताना जिचं ओझं वाटायचं तिला कुणी उचलून नेतंय म्हटल्यावर आपलं काय उरेल, हेच तिला समजत नव्हतं. आणि छोटीची बाजू भक्कम होती. आपलं घर म्हणजे कोंडवाडा, तिचं म्हणजे टिकटिक ऐकू येणारं. आई काय निवडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

शेवटचं बंदर आलं तेव्हा ताईने ठरवून टाकलं. छोटीच्या वरताण जागा शोधायची. छोटीचं ऑफिसचं काही काम निघालं होतं, तेवढी संधी होती. ताई एकटीच बोटभर भटकली, दोन चुकीची दारं उघडून पाहिली, एका खलाशाची बोलणी खाल्ली, आणि शेवटी तिला ती जागा सापडली. टांगलेल्या छोट्या होड्यांच्या खाली एक अरुंद गॅलरी होती, तिथे एकच बाक, समोर कठडा आणि पाणी. आजूबाजूला माणूसच काय, माणसाचा आवाजही नव्हता.

तिने आईला आणून बाकावर बसवलं, पाठीमागे उशी दिली.

"कशी आहे?"

"शांत आहे."

"छोटीने शोधल्या त्यापेक्षा?"

"परीक्षा घेतेयस होय गं?" आई हसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "इथे काय करायचं आपण?"

"काय करायचं म्हणजे? निवांत बसायचं."

दोघी निवांत बसल्या. पाणी होतं, मग आणखी पाणी होतं. घरी दोघींना बोलायला उसंत नसायची, आता उसंत होती तर विषय नव्हता. पाळणाघराचा विषय ताईला काढायचा नव्हता, छोटीचा तर नाहीच नाही. शेवटी ती उठली.

"चहा आणते. हलू नकोस हं."

चहा मिळायला वेळ लागला, कारण उतरलेले लोक जेवायला परतले होते. आणि बोटीचं पुढचं टोक कुठलं, मागचं कुठलं, हे ताईला अजून उमगलं नव्हतं. हातात दोन कप घेऊन ती बाकापाशी आली, तर बाक रिकामा. मग लक्षात आलं की ही दुसरीकडची गॅलरी, हुबेहूब तशीच. धापा टाकत ती अलीकडच्या बाजूला आली. तिथला बाकही रिकामा होता. उशी तेवढी होती.

कठड्यावरून तिने खाली पाहिलं आणि स्वतःच्याच विचाराची भीती वाटून मागे सरली. मग दुसऱ्याच क्षणी तिला राग आला, कारण राग आला की भीती कमी होते. छोटीने नेली असणार! आपण जागा शोधायची, आपण आणून बसवायचं, आणि ही आयत्या बिळावर नागोबा. चहाचे कप बाकाखाली सरकवून ती तरातरा वाचनालयाकडे निघाली. छोटीची ती लाडकी जागा. खेळ असो, जेवण असो, तिथे कुणी फिरकत नसे.

काचेच्या दारातून छोटी दिसली. ती एकटीच होती. काम केव्हाच आटपलेलं दिसत होतं, लॅपटॉप मिटलेला होता. भिंतीकडे तोंड करून ती ताटलीतलं जेवत होती. पाण्याच्या ग्लासला फोन टेकवून उभा केला होता आणि फोनमधलं कुणीतरी बोलत होतं. ती मधूनच त्याच्याकडे बघून मान हलवायची आणि घास घ्यायची.

"आई कुठाय?" ताई दारातूनच कडाडली.

छोटी दचकली. चमचा खाली पडला. "तुझ्याबरोबर होती ना?"

तिचा चेहरा पाहून ताईला समजलं की ही खरं बोलतेय.

"मी खालचे मजले बघते," छोटी उठत म्हणाली. "तू वर जा. मागच्या लिफ्टने जा ताई, मागच्या!"

वरच्या डेकवर उन्हात माणसांचा बाजार भरला होता. गाणी दणाणत होती, ओली पोरं किंचाळत पळत होती, वेटर डोक्यावर ट्रे धरून वाट काढत होते. ताई कुणाच्या पायावर पाय देत, कुणाची कोपरं खात पुढे सरकली. आणि तलावाच्या अगदी कडेला, ताईने पहिल्या सकाळी धरल्या होत्या त्याच खुर्च्यांच्या ओळीत, आई बसली होती. तिच्या एका बाजूला अनोळखी आजीबाई होत्या, दोघी एकमेकींचं अक्षरही न कळता गप्पा मारत होत्या. कुठलंसं ओलं पोरगं आईच्या गुडघ्याला टेकून आइस्क्रीम खात होतं आणि ते आईच्या नव्या स्वेटरवर ठिबकत होतं. दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर आईची शाल पसरलेली होती आणि शालीवर आईने हात दाबून ठेवला होता.

"आलीस? ये लवकर," आई म्हणाली. "किती जण येऊन गेले. तो टकला तर दोनदा. मी नाही सोडली."

ताई खुर्चीत कोसळली. "आई! जीव गेला असता माझा. कशी आलीस इथे?"

"मागच्या लिफ्टने. रिकामी असते ती."

"पण तिथून उठलीस का? इतकी शांत जागा..."

"पाण्याकडे किती वेळ बघायचं गं?" आईने पोराचं तोंड रुमालाने पुसलं. "इथे कसं घरच्यासारखं वाटतं."

"घरच्यासारखं?"

"तुझी पोरं नाहीत का? तू दार ओढून घेतेस, मग मी खुर्ची दाराशी नेते. कोण पडलं, कोण रुसलं, कुणाची आई उशिरा आली, सगळं कळतं मला. ती चादर मात्र तू फार घट्ट कोंबतेस."

ताईला हसावं की रडावं कळेना. एवढी वर्षं ती चादर कोंबत होती. पण त्याच्या आतून दुसरंच काही उसळून वर येत होतं, आणि ते आनंदापेक्षा विजयाच्या जवळचं होतं. तिने आईचा हात धरला.

"म्हणजे तू नाही जाणार छोटीकडे."

"जाणार आहे ना."

ताईचा हात तसाच राहिला.

"तिला अजून सांगितलं नाही. आधी तुला सांगते," आई म्हणाली. गाण्यांमुळे तिला जरा मोठ्याने बोलावं लागत होतं. "एवढ्या गर्दीत पोरगी रिकामा कोपरा बरोबर हुडकून काढते. पहिल्यांदा मला कौतुक वाटलं. मग वाटलं, हे असं कुणाला जमतं? रोजची सवय असते त्यालाच ना?"

ग्लासला टेकवलेला फोन ताईच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"तुझ्याकडे मी नसले तरी घर भरलेलं असतं," आई म्हणाली.

हे वाक्य ताईला लागलं ते लागलंच. हेवा काही पळून गेला नाही, तो होता तिथेच ठाण मांडून बसला होता. आई जाणार होती, आणि छोटीच्या स्वेटरसाठी तिला आता वर्षभर थांबावंही लागणार नव्हतं. ताईने नाक पुसलं आणि मान फिरवली.

तलावापलीकडच्या दारात छोटी उभी होती. धावत आल्याने तिचा श्वास फुलला होता. आई दिसली तसा तिने एकदम छातीवर हात ठेवला, आणि मग ती तिथेच थांबली. गर्दीचे नकाशे वाचणारी बाई गर्दीच्या काठाशी उभी राहून इकडून बघत होती, तिकडून बघत होती, आणि आत पाऊल कुठून टाकायचं हेच तिला उमगत नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या आजीबाई उठल्या, आइस्क्रीमवाल्या पोराला हाताला धरून निघाल्या. टकले गृहस्थ कुठूनसे उगवले आणि त्यांनी त्या खुर्चीकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या.

ताईने खांद्यावरच्या पिशवीतून आईचा चष्म्याचा डबा काढला आणि आईच्या अंगावरून वाकून त्या खुर्चीवर ठेवला.

"माझी बहीण बसणार आहे इथे," तिने त्यांना ठणकावलं, आणि छोटीला दिसावा म्हणून उभं राहून हात वर केला.