क्रिया कुठली ते सांगा

"हा शब्द इथे बसत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद परत सरकवला.

समोरच्या गृहस्थांनी तो पुन्हा पुढे ढकलला. "जागा कमी आहे?"

"जागा आहे, अर्थ नाही. 'दुर्धर आजाराशी अजिंक्यपणे झुंज देऊन निधन.' अजिंक्यपणे म्हणजे कुणालाही जिंकता येऊ नये अशा रीतीने. मग निधन कसं झालं?"

वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीत बाईंना बावीस वर्षं झाली होती. दुःख ज्याचं त्याचं, शब्द मात्र सगळ्यांचे तेच. हल्ली तर जो तो अजिंक्यपणे. कुणी अजिंक्यपणे संसार केलेला, कुणी अजिंक्यपणे निवृत्त झालेला. या आठवड्यातला हा सहावा. चारला पान छपाईला जायचं, साडेतीन वाजून गेले होते आणि बाईंचं डोकं उठलं होतं.

"माझा सख्खा भाऊ गेलाय," गृहस्थ म्हणाले, "आणि तुम्ही व्याकरण काढून बसलाय."

"धैर्याने लिहू?"

"धैर्याने सगळेच लिहितात."

मागच्या बाकावरून त्यांची वहिनी उठून खिडकीशी आली. नवरा तिचा गेला होता. "भावजी, झुंज नका लिहू. कुठे झुंजले ते? औषध नको म्हणायचे, दिवसभर पडून असायचे. घाबरायचेसुद्धा."

"वहिनी, हे इथे कशाला?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, हे क्रियाविशेषण आहे. माणसाला लागत नाही, क्रियेला लागतं. त्यांनी अजिंक्यपणे केलेलं असं काही होतं का? क्रिया कुठली ते सांगा, शब्द मी ठेवते." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. दोन दिवसांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला आपण वर्गात उभं केल्यासारखं विचारतोय.

ती म्हणाली, "शर्टाची बटणं. हात थरथरायचे त्यांचे. रोज सकाळी अर्धा तास. मी लावते म्हटलं की माझा हात बाजूला करायचे. मी चिडले, रडले, बिनबटणांचा सदरासुद्धा आणला. त्याला त्यांनी हात लावला नाही. वर्षभर मी भांडले, पण मीच हरले."

"शेवटपर्यंत?"

"त्या दिवशी दोनच लागली. तरी मला लावू दिलं नाही."

बाईंनी लिहिलं, 'अखेरपर्यंत आपल्या शर्टाची बटणे ते अजिंक्यपणे स्वतःच लावत.'

"लोक हसतील," दीर म्हणाला.

"हसू देत," म्हणत तिने सही केली.

ते दोघे गेले आणि पाच मिनिटांत वरून उपसंपादकाचा फोन आला. "बाई, निधनवार्तेत बटणं? वाक्य उडवतोय."

"थांबा, वर येते."

लिफ्ट नेमकी बंद. दुखऱ्या गुडघ्यांनी बाई तीन मजले चढल्या.

"तिथे नेहमी झुंज असते," तो म्हणाला.

"नेहमी असते, म्हणूनच ती कुणी वाचत नाही." पान जाईपर्यंत त्या त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. त्याने वैतागून वाक्य तसंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दीर एकटाच अंक घ्यायला आला. त्याने उभ्याउभ्या चार ओळी दोनदा वाचल्या. हसला नाही.

"ताई नाही आल्या?" बाईंनी विचारलं.

"अजून अंथरुणातच आहे. जागी आहे, पण उठत नाही. म्हणते, आता सकाळी उठून करू काय?"

बाईंनी सहा अंक सुतळीने बांधून त्याच्या हातात दिले.