पाळीवरची बेबी

नूर मोहम्मदची मोटार सपाट जागेवर कधी उभी राहायची नाही. तिला उतार लागायचा. सेल्फ मरून जमाना झाला होता, आणि हॅन्डल मारायला जावं तर ते असं उलटं फिरायचं की एकदा बिचाऱ्याला कितीतरी दिवस हात गळ्यात बांधून फिरावं लागलं. तेव्हापासून त्यानं घराला लागून मुरमाचा एक चढच घालून घेतला. बेबी त्या चढावर उभी, पुढच्या चाकांखाली दगड. दगड काढायचे, खांदा लावायचा, गाडी घरंगळायला लागली की पळत पळत आत उडी मारायची आणि गिअर टाकायचा. साठीला टेकलेला माणूस हो! पण रोज संध्याकाळी हा तमाशा व्हायचा, आणि शेजारच्या सीटवर बसलेली त्याची बायको शकिला डोळे मिटून अल्लाचं नाव घ्यायची.

बेबी हे नाव काही त्यानं ठेवलेलं नव्हतं. जंगलखात्यातल्या एका इंग्रज साहेबाकडे तो डायव्हर होता. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा गाडी यालाच देऊन गेला. एवढीशी ती गाडी, पुढं दोन माणसं कशीबशी बसायची, मागं एखादं पोतं. साहेब बेबी म्हणायचा, म्हणून हाही बेबी म्हणायचा. आता बेबीचं पार म्हातारपण आलं होतं. टप तंबूच्या कापडाचा, स्प्रिंगच्या एका पाट्याला बांबूची कांब बांधलेली, मागच्या एका टायरात हवेऐवजी भाताचं तणस ठासलेलं. रेडिएटर गळायला लागला की नूर मोहम्मद त्यात अंडं फोडून घालायचा, वर चिमूटभर हळद. तलावात मासोळ्या धरणारा त्याचा दोस्त डोमा मग विचारायचा, "काय नूरभाऊ, आज बेबीले आंड्याचा रस्सा काय?"

हसा खुशाल. पण ही गाडी चालणं ही त्या घरातली चैन नव्हती. शकिलाचे दोन्ही पाय लकव्यानं गेले होते. घरात बाजेवरून ओसरीवर, ओसरीवरून बाजेवर, एवढंच तिचं जग. रेंगीत बसवून पाहिलं होतं, पण बैलगाडीच्या लाकडी चाकांचा एकेक दणका तिच्या कण्यात जायचा, आणि टेकायला पाठ नाही. बेबीत मऊ सीट होती, पाठ होती. नूर मोहम्मद तिला दोन्ही हातांवर उचलून आत ठेवायचा, ओढणी दारात अडकू नये म्हणून नीट आत घ्यायचा, आणि गावाला एक चक्कर मारून बेबी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर चढायची. बेबी आहे तोवर शकिलाला आभाळ आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो रोज गाडीखाली लोळायचा.

पाळीवर आलं की इंजिन बंद. मग समोर पाणीच पाणी. पलीकडच्या काठाला शिंगाड्याचे वेल पसरलेले, मधे कमळं, आणि त्याच्याही पलीकडे सागाचं रान निळं होत होत धुरात मिसळून जायचं. शकिला तासन्‌तास बघत बसायची. कधी तिला वाटायचं की गाडी हलकेच पाळीवरून सुटली आणि पाण्यावर तरंगत चालली. पाणकोंबड्या बाजूला होतात, कमळाची पानं चाकाखाली दबतात आणि पुन्हा वर येतात. आपल्याला पाय नाहीत हे पाण्यावर कुणाला कळणार? डोळे उघडले की गाडी तिथंच असायची. नूर मोहम्मद फडक्यानं काच पुसत असायचा.

त्या श्रावणात बेबी फार हाफायला लागली. पाळीचा चढ चढेपर्यंत बोनटमधून नुसत्या वाफा. त्यावर औषध एकच, गाडी उभी करायची आणि थंड होईस्तोवर तिला हात लावायचा नाही. त्या दिवशीही त्यानं तेच केलं. दिवस बुडत होता, मगरिबची वेळ झाली होती. त्यानं हातपाय धुतले, पाळीच्या गवतावर चादर अंथरली आणि तो नमाजाला उभा राहिला.

तेवढ्यात डोमा आला. खांद्यावर कावड, कावडीला दोन मडकी, मडक्यांत तलावात सोडायला आणलेली मासोळीची बारीक बारीक पिलं. पिलं उन्हानं मरू नयेत म्हणून ढिवर लोक ती मडकी ओल्या फडक्यानं गुंडाळतात, पाणी कसं गारेगार राहतं. डोमानं पाहिलं तर बेबी उन्हातून आलेल्या म्हशीसारखी फुसफुसून राहिली होती.

"अगे बापा! भाभी, हिचा तं जीव चालला," तो कळवळून म्हणाला. "पाणी पाजू का हिले?"

शकिलालाही दया आली. "पाज ना रे बाबा. केव्हाची हाफून राह्यली."

डोमानं एका मडक्यातली पिलं दुसऱ्यात सोडली. जीवच तो, एकही वाया जाऊ दिला नाही. मग गमछा हाताला गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि ते गारेगार पाणी मायेनं आत ओतलं.

टिच्च!

नूर मोहम्मद सजद्यात होता. कपाळ जमिनीला टेकलेलं. तो आवाज त्यानं ऐकला आणि त्याला सगळं कळलं. तापलेल्या लोखंडावर थंड पाणी! नमाज मधे सोडता येत नव्हता. त्यानं तो पुरा केला, उजवीकडे सलाम, डावीकडे सलाम, आणि मग उठून आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. इंजिनच्या ब्लॉकला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं.

"मले काय मालूम भाऊ," डोमा रडकुंडीला आला. "म्हशीले पाजतो तसं पाजलं."

"मीच सांगतलं त्याले," शकिला आतून म्हणाली.

नूर मोहम्मदनं तिचं ऐकलंच नाही. "माह्या गाडीजवळ पुन्हा दिसशीन तं पाह्य!" एवढंच तो डोमाला बोलला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्याच्यावर ओरडला. बेबी उतारानं ढकलत घरी आणली, सपाट अंगणात उभी केली. आता चढावर ठेवून तरी काय करायचं होतं?

दुसऱ्या दिवशी तो सर्व्हिसची मोटार धरून चांद्याला गेला. चांद्याच्या बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट, आता आपला जिल्हा मुंबई राज्यात जाणार म्हणे. नूर मोहम्मदला कुठलं राज्य न्‌ काय, तो ब्लॉक शोधत फिरत होता. मिस्तरी हसला. "चाचा, ही गाडी बनवणारे बी मरून गेले असतीन. कोंबड्या ठेवा तिच्यात."

घरी येऊन त्यानं शकिलाला सांगितलं, "पार्ट कलकत्त्याहून येऊन राह्यला."

येऊन राह्यला तो राह्यलाच. शकिला बाजेवर पडल्या पडल्या रोज विचारायची, "तलाव कसा हाय आज?"

"पाणी हाय."

"अजी, पाणी कसं हाय? कमळं कोणत्या बाजूची उघडली? बगळे, ढोकऱ्या आल्या का?"

नूर मोहम्मद डोकं खाजवायचा. इतकी वर्षं पाळीवर जाऊन त्यानं पाणी कधी बघितलंच नव्हतं, तो काच पुसत होता. तो मुद्दाम चालत जाऊन यायचा आणि सांगायचा, "कमळं हायेत. लाल हायेत." एखाद्या शाळकरी पोरानं पाठ म्हणावा तसं. ती ऐकून घ्यायची. मग हळूहळू तिनं विचारणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि ते तिचं न विचारणं त्याच्या जिवाला फार लागलं.

पोळ्याच्या आधी डोमा दारात आला. आत यायची हिंमत नव्हती, कवाडाशीच उभा. "नूरभाऊ, मारा पाह्यजे तं मले. पण एक आयका. इंजिन काढून टाका, गाडी हलकी होते. माह्ये बैल जुपू. सीट तं तीच राह्यते ना जी. भाभीले दणका नाई लागत."

नूर मोहम्मदचा भडका उडाला. "बैल? नूर मोहम्मदच्या मोटारीले बैल? अरे, आलापल्लीच्या घाटात साहेबाले घेऊन वाघाच्या पुढून गाडी काढली म्या! हात उचलून सलाम करत होते लोक. आता बैलं लावून वरात काढू का माही? चाल, निघ इथून!"

डोमा मान खाली घालून गेला. नूर मोहम्मद तरातरा जाऊन बेबीत बसला, स्टेरिंग धरून. कुठं जायचं होतं कोण जाणे. बराच वेळ गेला. आतून आवाज आला, "अजी, पार्ट आला का?"

तो म्हणाला, "नाई येत तो. येणारच नोयता."

"मालूम हाय मले," शकिला म्हणाली. "तुमाले खोटं बोलताच येत नाई. म्हणून मी इचारनं सोडलं, तुमाले तरास नोको."

त्याला रडू कोसळलं. स्टेरिंगवर डोकं ठेवून तो मुलासारखा रडला, आणि रडून झाल्यावर उठून पाना हातात घेतला. इंजिन काढायला त्याला दोन दिवस लागले. एकेक नट तेल घालून सोडवला, एकेक फडक्यानं पुसला. इंजिन बाहेर निघालं तेव्हा त्यानं त्याच्यावर पोतं पांघरलं. मग डोमाच्या घरी गेला आणि दारात उभा राहून म्हणाला, "घेऊन ये तुहे बैल." माफी बिफी दोघांनीही मागितली नाही.

पोळ्याच्या दिवशी बैलांना जुंपत नाहीत, म्हणून दुसरा दिवस ठरला. बैल आले ते सजूनच. शिंगं हिरवी-लाल रंगवलेली, अंगावर हळदीचे हात उमटलेले, गळ्यात घुंगरमाळा. बंपरला दांडी बांधली, दांडीला जू. डोमा पुढं कासरा धरून चालणार, आणि वळवायला, उतारावर ब्रेक धरायला नूर मोहम्मद आत हवाच. त्यानं टोपी भुवयांपर्यंत ओढली. शकिलाला उचलून ठेवलं, ओढणी आत घेतली आणि मेल्याहून मेल्यासारखा होऊन स्टेरिंग धरून बसला.

बेबी निघाली. आवाज नाही, धूर नाही, घुंगरांची किणकिण तेवढी. संध्याकाळचा कोवळा उजेड भाताच्या बांध्यांवर पडला होता आणि गाडी त्यातून झोपेत चालल्यासारखी चालली होती. शकिला बाहेर बघत होती. हे घर, हे तुरीचं वावर, हा विहिरीचा काठ, सगळं एकेक करून जवळ येत होतं, थांबल्यासारखं होत होतं आणि मग सावकाश मागं जात होतं. कुणाच्या तरी अंगणात वडे तळत होते, त्याचा वास गाडीत आला आणि बराच वेळ गाडीतच राहिला.

नूर मोहम्मद हसण्याची वाट बघत होता. पोरं हसलीही, खोटं कशाला सांगा. पण विहिरीवरून डोमाची बायको देवकाबाई पुढं आली, सरळ शकिलाच्या बाजूला. दरवाजावर हात ठेवला आणि गाडीबरोबर चालायला लागली. "कशी हायेस वं? किती दिसानं पाह्यली तुले. केस काऊन पिकवले इतके?"

"तूच म्हातारी झाली, मी कायले पिकवतो?" शकिला म्हणाली आणि दोघी खिदळल्या. देवकाबाईनं तिचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. पुढच्या आळीत आणखी एक बाई आली, तिनं पदरातून वडे काढून शकिलाच्या ओटीत टाकले. तिसरीनं नूरीला दिवस गेले का ते विचारलं. शकिलाची ही मुलगी नूरी वरोऱ्याला दिली होती आणि हे विचारायला आजवर तिच्याजवळ कुणी आलंच नव्हतं.

कसं येणार? नूर मोहम्मदच्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. रोज आपण याच रस्त्यानं गेलो. भोंगा वाजवत गेलो, आणि बाया पोरांना ओढून भिंतीला लागल्या. सलाम करत होते म्हणून आपण छाती फुगवली, ते तर बाजूला सरत होते. इतक्या वर्षांत आपल्याशिवाय हिचा हात कुणी धरला नाही. आपण हिला गाव दाखवत होतो असं आपल्याला वाटत होतं! टोपी वर सरकवून त्यानं शकिलाकडे बघितलं. ती बडबडत होती, तोंडात वडा होता आणि डोळे भरून आले होते. त्याच्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

पाळीवर आल्यावर डोमानं बैल सोडले. देवकाबाई दाराशी तशीच उभी, पाय बदलत, हात शकिलाच्या हातात. नूर मोहम्मदनं चाकांखाली दगड लावले. मग तो आपल्या बाजूला आला, डायव्हरच्या सीटवरची धूळ फडक्यानं झटकली आणि म्हणाला, "देवकाबाई, उभी काऊन हायेस? ये, इथी बस."

"अगे माय, तुमच्या जागेवर?"

"बस म्हणतो ना."

ती संकोचत बसली. नूर मोहम्मद जाऊन डोमाजवळ गवतात टेकला. शकिला बेबीत बसलेली त्यानं बाहेरून कधी निवांत पाहिली नव्हती. आता पाहिली. पाण्यावरचा उजेड काचेवर हलत होता आणि काचेमागे दोन पिकलेली डोकी एकमेकींकडे झुकली होती.

अंधारून आलं. मच्छर चावायला लागले. डोमानं बैलांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "नूरभाऊ, जुपू का? घरी निघाचं नाई का?"

"राहू दे," नूर मोहम्मद म्हणाला. "बाया बोलून राह्यल्या."