दोन ओंजळी कोरडे चणे

ममासोली उस्तांनी कमरेला बांधलेला रुमाल सोडला, तुतीखालच्या लाकडी तख्तावर अंग टाकलं आणि पोटावर दोन बोटं आपटून कान दिला. डफावर थाप पडावी तसा आवाज आला.

“आणखी खा!” चुलीपाशी बसून तव्यावर जाडं मीठ परतत होसियत म्हणाली. “आणि वर गार पाणी ढोसलं असणार.”

“हिरवा चहा प्यालो. गार पाण्याचा थेंब नाही.”

“मग खरबूज?”

“खरबुजाकडे बघितलंसुद्धा नाही, अगं.”

तिचा विश्वास बसला नाही. चरबीच्या पुलावावर गार पाणी पिणं हा मार्गिलान शहरातल्या पुरुषांचा आवडता गुन्हा, आणि पोट फुगलं की इथली प्रत्येक बायको आधी तोच आरोप ठेवते. तिने गरम मीठ पिशवीत बांधून नवऱ्याच्या बेंबीवर ठेवलं, बडीशेप आणि जिरं उकळलेलं पाणी हातात दिलं आणि कुरकुरत पुन्हा चुलीकडे गेली.

उस्तांनी पन्नास वर्षं लग्नाचे पुलाव शिजवले, पण पोटभर कधी खाल्ले नाहीत. कढईवर उभ्या राहणाऱ्याचं पोट वासानेच भरतं. या वसंतात त्यांनी आपला झारा अब्दुमुतालच्या हाती दिला. अब्दुमुताल म्हणजे वीस वर्षं त्यांच्या हाताखाली गाजरं चिरत आलेला, आता चाळिशी गाठलेला त्यांचा शिष्य. आज सकाळी शेजारच्या गल्लीतल्या लग्नात उस्ता पहिल्यांदाच पाहुणे म्हणून पंगतीला बसले. तांदळाचा दाणा न् दाणा सुटा होता, मांस बोटाने तुटत होतं. शिष्याच्या कौतुकाने त्यांचा ऊर भरून आला आणि त्या भरात त्यांनी परातीतली आपली बाजू संपवून शेजाऱ्याच्या हद्दीतही शिरकाव केला.

आता दुपार टळत आली होती. पोट असं का धरलं, हे त्यांना कळायलाच हवं होतं. त्यांनी बोटं छातीखाली दाबली. तिथे मऊ होतं. बेंबीखाली दाबली, तर तिथे सगळा बंदोबस्त.

पोट वाचायला त्यांना निशान उस्तांनी शिकवलं होतं. निशान उस्ता म्हणजे त्यांचे गुरू. ते म्हणत, “चरबी वर धरते, जेवल्या जेवल्या. चणा खाली धरतो, आणि सावकाश, तीन-चार तासांनी.” निशान उस्तांना ते स्वतःच्या अनुभवानेच ठाऊक होतं. त्यांच्या पोटाला काबुली चणा मुळीच सोसत नसे. पुलाव चाखतानासुद्धा ते चणे बोटाने परातीच्या कडेला सारत.

म्हणजे चणेच. उस्तांना आता आठवलं, दाताखाली चणा किंचित अडला होता. चणे पूर्ण दिवस-रात्र भिजवायचे, पाणी तीनदा बदलायचं. अब्दुमुतालने घाई केली होती. गरम पाण्यात चार तास भिजवले की वरून फुगतात, डोळ्याला फसवतात, आणि आतला कोरडेपणा मग खाणाऱ्याच्या पोटात जाऊन फुगतो.

त्यांनी मनातल्या मनात पाहुणे मोजले. पंगतीत अडीचशे माणसं होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. मोहल्ल्याचे वडीलधारे इस्मत आका एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने पोट सांभाळत आत आले.

“तुमचंही तेच?” मिठाच्या पिशवीकडे बघत त्यांनी विचारलं.

“तेच. या, बसा.”

“बसवत नाही हो! आमच्या गल्लीत प्रत्येक अंगणात एकेक बाप्या शतपावली घालतोय. नवऱ्या मुलाचा काका तर गुडघे पोटाशी घेऊन पडलाय.” इस्मत आका शेवटी टेकले. होसियतने त्यांना बडीशेपेचं पाणी आणून दिलं. ते एका दमात पिऊन त्यांनी आवाज खाली आणला. “उस्ता, स्पष्ट विचारतो. शुक्रवारी सगळ्या मोहल्ल्याचं जेवण आहे, तीन कढया. ते अब्दुमुतालला सांगितलंय. लोक म्हणतात, कोकंद शहरातला आचारी बोलवा. तुम्ही जाणते आहात. चूक पुलावाची होती का?”

उस्तांनी प्याला तळहातावर फिरवला. मार्गिलानमध्ये माणसाने दोन बायका केल्या तरी लोक दहा वर्षांत विसरतात. बिघडलेल्या पुलावाचा विषय त्याच्या नातवाच्या लग्नातसुद्धा निघतो. शुक्रवार हातचा गेला की अब्दुमुतालला पुन्हा कोणी कढईजवळ उभं करणार नव्हतं. आणि उस्तांकडे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. त्यांच्या हातचं खाऊन पन्नास वर्षांत कुणाचं पोट दुखलं नव्हतं, आणि ते त्यांना फार प्रिय होतं.

एक सबब मात्र त्यांच्याकडे तयार होती. ती त्यांची नव्हती, निशान उस्तांची होती.

ममासोली चोवीस वर्षांचे असताना निशान उस्तांनी त्यांना पहिल्यांदा एकट्याने कढई दिली होती. आदल्या दिवशी चणे भिजवायचे सोडून ममासोली होसियतच्या गल्लीत फेऱ्या मारत बसले आणि रात्री उशिरा घाईने चणे गरम पाण्यात टाकले. दुसऱ्या दिवशी अर्धा मोहल्ला पोट धरून बसला. नवरीचा बाप तणतणत आला तेव्हा निशान उस्ता पुढे झाले आणि म्हणाले, “पोराची चूक नाही. चणे कमी वाटले म्हणून मीच घरून दोन ओंजळी आणून कोरडेच टाकले, डोळ्यांना नीट दिसत नाही आता.” ममासोलींचा जीव भांड्यात पडला होता. आपले चणे बरोबर होते तर! त्यानंतर म्हाताऱ्याला कुणी बोलावलं नाही. ममासोलींची मात्र एकही तारीख रिकामी गेली नाही, आणि पुढची कितीतरी वर्षं ते हा किस्सा शिष्यांना रंगवून सांगत आणि हसवत.

“चूक माझी,” ममासोली उस्ता म्हणाले.

“तुमची? तुम्ही तर पाहुणे होतात.”

“सवय सुटते का, इस्मत आका? पहाटे कढईपाशी डोकावलो. चणे कमी वाटले. घरून दोन ओंजळी नेले आणि कोरडेच टाकले. अब्दुमुतालची पाठ होती, त्याला काय माहीत?”

इस्मत आकांनी काठी उचलली. मग मान हलवून उठले.

“शुक्रवारी तोच करेल मग,” ते म्हणाले. “फक्त एक विनंती, उस्ता. तुम्ही कढईजवळ जाऊ नका.”

चुलीपाशी होसियतचा हात थांबला होता. पण बाहेरच्या माणसासमोर तिने नुसता रिकामा प्याला उचलला.

तासाभरात अब्दुमुतालच आला. बातमी त्याच्या आधी चार गल्ल्या फिरून आली होती. तख्ताच्या कडेला बसून त्याने उस्तांचे दोन्ही हात हातात घेतले.

“उस्ता, मनाला लावून घेऊ नका. वय झालं की होतं असं. माझंच चुकलं, मी लक्ष ठेवायला हवं होतं.”

उस्तांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथे माया होती, थोडी कीव होती, आणि सुटल्याचा आनंद होता. लबाडी तसूभरही नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं.

“चणे कधी भिजवलेस?” उस्तांनी हळूच विचारलं.

“काल रात्री उशिरा. पण गरम पाण्यात, उस्ता. छान फुगले होते.”

“शुक्रवारचे बुधवारी रात्री टाक. गार पाण्यात. तीनदा पाणी बदल.”

“टाकतो ना,” अब्दुमुताल हसला, लहान मुलाची समजूत काढताना हसतात तसा. “आणि निशान उस्तांचं नाही का शेवटी असंच झालं? तुम्हीच तर सांगायचात. डोळ्यांना दिसेना, आणि घरून आणून टाकले कोरडे चणे! आम्ही किती हसायचो.”

“हो. मीच सांगायचो.”

तो गेल्यावर होसियत आली. मिठाची पिशवी गार झाली होती. ती उचलून तिने पुन्हा तव्यावर गरम केली, आणून बेंबीवर ठेवली आणि घड्याळाचा काटा फिरतो त्या दिशेने हाताने पोट चोळायला लागली. हळूहळू आत काहीतरी सरकलं. उस्तांना मोठा ढेकर आला.

“सुटलं एकदाचं,” ती म्हणाली. मग हात न थांबवता तिने विचारलं, “अहो, पहाटे बांगेनंतर तुम्ही घरातून निघालात ते सरळ पंगतीला. आणि घरून कुठले चणे नेलेत? आपल्या घरात चणे आहेत कुठे? महिना झाला संपून.”

उस्तांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर एक परात होती. तिच्या कडेला बोटाने सारून ठेवलेले चणे होते, आणि समोर निशान उस्तांची बायको हसत सांगत होती की, या माणसापायी माझ्या घरात चण्याचा दाणा शिरत नाही.

ते उठून बसले. मिठाची पिशवी मांडीवरून घरंगळून खाली पडली.

“होसियत,” ते म्हणाले, “त्यांच्याही घरात नव्हते गं.”