दुसऱ्याची थुंकी

सूनबाईला त्या घराची किळस कशाने येऊ लागली, हे तिला नेमकं सांगता आलं असतं. सरसाच्या वासाने नव्हे. सोफे बनवणाऱ्यांच्या घरात सरसाचा वास येणारच, आणि अभ्रे शिवून शिवून तो तिच्या बोटांनाही लागला होता. किळस आली ती सासूबाईंच्या एका वाक्याने. छकुल्या पाच वर्षांचा झाला तरी बोलेना, हाकेला बघेना, एका जागी ठरेना, की सासूबाई म्हणाल्याच म्हणून समजा, "आमच्या सात पिढ्यांत असं कुणी नाही!"

सात पिढ्यांचं सोडा, डोळ्यांसमोरच्या दोन तरी बघायच्या! सासरे दिवसभर दुकानात खिळे लांबीप्रमाणे लावत बसायचे, आणि एखादा कुणी हलवला तर त्या दिवशी जेवायचे नाहीत. नवरा म्हणजे भिंगरी. एका खुर्चीची गादी अर्धी भरून दुसरीचं कापड कापायला धावायचा, तोवर तिसरीचं गिऱ्हाईक दारात बोंबलत उभं, आणि किल्ल्या कुठे ठेवल्या ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसायचं. पण सासरे 'शिस्तीचे' आणि नवरा 'उत्साही'. दोष तेवढा सुनेच्या माहेरचा.

तपासणी केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी नीट समजावलं. छकुल्याला स्वमग्नता आहे आणि जोडीला अतिचंचलताही.

"नावं दोन आहेत, पण मुळं बरीचशी एकमेकांत गुंतलेली," बाई म्हणाल्या. "कुठलं एक जनुक त्याला कारण नसतं. पुष्कळ असतात, प्रत्येकाचा वाटा बारीकसा, आणि त्यातली काही दोन्हींत सामाईक. म्हणून एकाच घरात कुणाचं लक्ष टिकत नाही, कुणाला माणसांत मिसळणं जमत नाही, तर कुणात दोन्ही दिसतं. बहुतेकदा आईकडून थोडं, वडिलांकडून थोडं आलेलं असतं. दोष कुणाचाच नाही. तुमच्याकडे आहे का असं कुणी?"

सूनबाईने सांगून टाकलं, तिचा एक मामा गाड्यांच्या वेळापत्रकाशिवाय दुसरं काही बोलत नाही. नवऱ्याने तेवढ्यात बाईंचं पेन खोलून त्यातली स्प्रिंग उडवली होती. ती शोधायला तो टेबलाखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला, "आमच्याकडे कुणी नाही."

बाईंनी लाळेच्या तीन नळ्या दिल्या. मूल, आई, बाप. तिघांची लाळ ताडून बघितली की कळेल, जनुकांतला एखादा मोठा बदल मुलात नव्याने झालाय की घरून आलाय, आणि त्याला पुढे फीटबिट येण्याचा धोका आहे का. त्या एका गोष्टीने सूनबाईची झोप उडाली होती. बाकी लोक काय म्हणतात ते गेलं चुलीत. छकुल्याच्या गालात बोळा फिरवताना तो तिला कडकडून चावला, तरी तिने नळी भरली. नवरा आपली नळी दुकानात घेऊन गेला. सगळ्यांसमोर थुंकायला कसंतरीच वाटतं, म्हणाला.

काही आठवड्यांनी बाईंनी तिला एकटीलाच बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"वडिलांच्या नळीतली लाळ मुलाशी जुळत नाही. ती या मुलाच्या वडिलांची नाही. अदलाबदल झाली असेल, किंवा... ते तुमचं खाजगी आहे."

सूनबाईला हसूच आलं. दुसऱ्या पुरुषाकडे मान वर करून बघायला अभ्र्यांतून सवड कुणाला होती? केंद्रानेच घोळ घातला असं समजून तिने घरी जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं. मन साफ असलं की माणूस असला मूर्खपणा करतो.

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की बघवेना.

"तरीच! मी म्हणत नव्हते? आमच्या रक्तातला नाहीच तो!"

सूनबाईने नवऱ्याकडे बघितलं. आता हा ताट भिरकावेल, आईवर ओरडेल. पण जन्मात कधी स्वस्थ न बसलेला माणूस मान खाली घालून बसून राहिला. टेबलाखाली गुडघा तेवढा थडथडत होता.

सासरे घास चावत होते. तोंडात घास असताना ते बोलत नसत. तो गिळल्यावर सासूबाईंकडे बोट करून म्हणाले, "नळीत दुकानातला पॉलिशवाला थुंकला. हिनेच याला तसं करायला सांगितलं होतं. मी समोर होतो. त्याने आधी अर्धा तास चहा घेतला नव्हता. नियम पाळला."

आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

ती नळी सूनबाईने स्वतःच्या रुमालात, लेकराचं औषध जपावं तशी जपून केंद्रात नेली होती.

"तुला ठाऊक होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "आत्ता आई मला काय म्हणाल्या, तेही ऐकलंस. तरी गप्प बसलास?"

"अगं, धाकट्या बहिणीचं लग्न जमत आलंय... हे आमच्या घरातून आलंय असं तिकडच्यांना कळलं तर... एकदा ते होऊ दे, मग मी—"

चोर तो चोर, वर शिरजोर, तशा सासूबाई मध्येच कडाडल्या. "घरातलं घरात राहू दे! बाहेर रिपोर्ट सांगतो तेच खरं. सून माहेरी पाठवता येते गं. रक्त कुठे पाठवू?"

म्हणजे सख्ख्या नातवाला परका ठरवायचं, सुनेच्या तोंडाला काळं फासायचं, आणि वर घराणं स्वच्छ! तिने ताट बाजूला सारलं. त्या टेबलावरचं अन्न तिला जाईना.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. वडिलांचा नमुना पुन्हा घेऊ या, कधी पाठवता त्यांना?

नवरा शेजारीच उभा होता. हळूच म्हणाला, "देतो म्हणावं. खरंच देतो या वेळी. फक्त आईला कळू देऊ नकोस."

"बाई, वडील नाहीत असं लिहा," सूनबाई फोनवर म्हणाली.

"वडिलांशिवाय उत्तर अर्धवट येईल हो."

"येऊ दे. अर्धवट चालेल, खोटं नको."

तिने फोन ठेवला आणि छकुल्याला कडेवर घेतलं. तो कुणाच्याच कडेवर थांबत नसे. हात सोडवून तो खाली उतरला आणि दाराकडे सुसाट पळाला, आणि ती त्याच्या मागोमाग बाहेर पडली.